स्लाइडला व्हाउचर कुठे आहे?

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. काहींना राग येईल, पण पुरतं वाचून मग रागवा.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. आपल्या मुलांना, नातवंडांना कॉलेजात हल्ली संगणकावर मल्टिमीडिया प्रेझेंटेशन करायचा जो कोर्स शिकवतात, तो आज ज्या पद्धतीने शिकवला जातोय ती पद्धत नुसती निरुपयोगी नाही, नुकसानाची आहे. आणि हे नुकसान सगळ्यांत जास्त कोणाचं होणार असेल तर आपल्यासारख्यांचं. म्हणजे महाराष्ट्राबाहेर तीन-चार पिढ्या राहिलेल्या, घरात मराठी आणि ओट्यावर गुजराती बोलणाऱ्या कुटुंबांचं. कोर्स बंद करा असं मी म्हणत नाहीये. कोर्स हवाच. पण तो कोर्स असावा, सजावटीचा क्लास नसावा.

माझी नात बी.कॉम. करते. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीच्या मुलांना मुख्य विषयांबरोबर कौशल्याचे पेपर घ्यावे लागतात, त्यातला हा एक. दोन क्रेडिटचा. प्रात्यक्षिकाचं १ क्रेडिट म्हणजे ३० तास, तेव्हा हिशोबाने ६० तास झाले. ६० तास काही कमी नाहीत. आमच्या वेळी बँकेत नव्या क्लार्कला एवढ्या वेळात रोजकीर्द, खतावणी आणि क्लिअरिंग शिकवून काउंटरवर बसवत होतो.

गुणांचा तक्ता मी मागून घेतला. कॉलेजचं नाव लिहिणार नाही, कारण प्रश्न एका कॉलेजचा नाही. तक्ता असा: टेम्पलेट आणि रंगसंगती १०, ट्रान्झिशन आणि अ‍ॅनिमेशन १०, चित्र-ध्वनी-व्हिडिओ जोडणे १०, सभेपुढे सादरीकरण १०, विषयाचा आशय १०. एकूण ५०.

आता मी कॉमर्सचा माणूस, मला आकडे वाचायची खोड आहे. याचा अर्थ असा की ज्या मुलाला विषयातलं ओ की ठो कळत नाही, आशयात ज्याला शून्य मिळालं, तो मुलगासुद्धा ५० पैकी ४० गुण घेऊन डिस्टिंक्शनमध्ये पास होऊ शकतो. आणि ज्याने महिनाभर खपून माहिती जमवली, चार म्हाताऱ्यांना भेटला, पण पांढऱ्या पाटीवर काळ्या अक्षरांत साधेपणाने मांडलं, तो मागे राहणार. मुलं मूर्ख नसतात. गुण कुठे आहेत ते त्यांना पहिल्या दिवशीच कळतं, आणि ती तिकडेच जातात.

वर्षाच्या शेवटी पालकांसाठी प्रदर्शन होतं. एका गटाचा विषय 'बडोद्याचा मराठी वारसा'. विषय ऐकून आपली बरीच मंडळी हौसेने आली होती. पडद्यावर सोनेरी अक्षरं फिरत फिरत आली, मागे तुतारी वाजली. मग महाराज सयाजीरावांचा फोटो आणि खाली इंग्रजीत लिहिलेलं, 'जन्म बडोदे'. पुढच्या स्लाइडवर लक्ष्मी विलास पॅलेस म्हणून जो दिव्यांनी लखलखणारा महाल दाखवला, तो म्हैसूरचा होता. पुढे '१९१० चा सूरसागर' असं काळं-पांढरं चित्र आलं आणि त्यात तळ्याच्या मधोमध महादेवाची उंच मूर्ती उभी! अहो, ती मूर्ती तर आपल्या डोळ्यांदेखत बांधली गेली. चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करून घेतलेलं होतं. मशीनला काय ठाऊक, १९१० साली तिथे फक्त पाणी होतं.

सयाजीरावांचा जन्म ११ मार्च १८६३ चा, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा. नाव गोपाळराव. १८७५ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसले. शेतकऱ्याच्या घरचा बारा वर्षांचा मुलगा बडोद्याचा राजा झाला, हीच तर त्या माणसाची गोष्ट आहे. 'जन्म बडोदे' लिहिलं की अख्खी गोष्टच पुसली गेली. सभागृहात साठीच्या वरचे निदान पंचवीस बडोदेकर होते. टाळ्या जोरात पडल्या. गटाला पन्नासात शेहेचाळीस मिळाले.

मी बाहेर आल्यावर प्राध्यापकांना कवळाण्याचं आणि म्हैसूरचं सांगितलं. ते तरुण आहेत, सभ्य आहेत. म्हणाले, "काका, बरोबर आहे तुमचं, पण हा इतिहासाचा पेपर नाही ना. आम्ही टूल शिकवतो."

माझं सगळं भांडण या एका वाक्याशी आहे.

टूल म्हणजे काय?

मी काही संगणकाच्या विरुद्ध असलेला म्हातारा नाही, हे आधी स्पष्ट करतो. रंगराजन समितीच्या शिफारशींनंतर बँकांमध्ये लेजर पोस्टिंगची मशीनं यायला लागली, तेव्हा युनियनचा विरोध किती होता ते त्या काळच्या मंडळींना आठवत असेल. मी त्या मशीनवर स्वतःहून बसलेला माणूस आहे. पुढे कोअर बँकिंग आलं तेव्हाही. यंत्राने बेरीज चुकत नाही, हा फार मोठा फायदा आहे.

पण एक गोष्ट तेव्हाही होती आणि आजही आहे. लेजर हाताने लिहा की मशीनवर लिहा, व्हाउचरशिवाय एंट्री नाही. शंभर रुपयांची असो की एक कोटीची. अक्षर मोत्यासारखं असलं म्हणून कुठल्याही ऑडिटरने व्हाउचर माफ केलेलं मला चाळीस वर्षांत दिसलं नाही. "आम्ही फक्त लेजर लिहायला शिकवतो, रक्कम खरी की खोटी तो आमचा विषय नाही," असं कुठल्या बँकेच्या ट्रेनिंग कॉलेजने म्हटलं असतं तर रिझर्व्ह बँकेने टाळं लावलं असतं.

प्रेझेंटेशनही नोंदच आहे. चार लोकांपुढे तुम्ही काहीतरी खरं म्हणून मांडता. मग त्याला व्हाउचर नको?

नोकरीतलं एक उदाहरण देतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्याकडे तिमाही आढाव्याच्या बैठकीत प्रोजेक्टर आला. एका शाखेने कर्जवाटपाचा आलेख दाखवला. गेल्या वर्षीचा खांब दोन बोटं, यंदाचा सहा बोटं. सगळे म्हणाले, वा, तिप्पट! मी जवळ जाऊन बघितलं तर खांब शून्यापासून सुरू होतच नव्हते, ९० कोटींपासून सुरू होत होते. आकडे होते ९२ आणि ९६. वाढ झाली ४ कोटींची, म्हणजे साडेचार टक्क्यांच्याही आत. आकडा खोटा नव्हता, चित्र खोटं होतं. करणाऱ्या मुलाने ते मुद्दाम केलं नव्हतं, सॉफ्टवेअरने तसं दिलं आणि त्याने ते घेतलं, कारण त्याला टूल शिकवलं होतं, आलेख वाचायला कोणी शिकवलं नव्हतं.

ही आमच्या शाखेची गंमत म्हणून सोडून द्या हवं तर. दुसरं उदाहरण सोडता येणार नाही. कल्पना चावला ज्या कोलंबिया यानात होती, ते १ फेब्रुवारी २००३ रोजी परत येताना तुटलं, सातही जण गेले. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा डाव्या पंखावर आपटला होता. यान वर असतानाच त्या धोक्याचा अभ्यास झाला आणि अधिकाऱ्यांपुढे तो पॉवरपॉइंटच्या स्लाइडवर मांडला गेला. त्यातल्या एका स्लाइडचा मथळा धीर देणारा होता. खाली, अगदी शेवटी, बारीक अक्षरांत होतं की आपल्याकडच्या चाचण्या ३ घन इंचाच्या तुकड्याच्या आहेत आणि आपटलेला तुकडा अंदाजे १९२० घन इंचाचा आहे. ६४० पट! खरी बातमी तळाच्या ओळीत आणि दिलासा मथळ्यात. अपघाताच्या चौकशी मंडळाने आपल्या अहवालात या स्लाइडचा वेगळा उल्लेख केला आणि म्हटलं की ती वाचून वरिष्ठाला जिवावरचा धोका कळला नाही तर नवल नाही.

यान एका स्लाइडमुळे तुटलं असं मी म्हणत नाही, कोणीच म्हणत नाही. पण मोठमोठे इंजिनिअर जिथे फसले तिथे आपल्या एकोणीस वर्षांच्या पोरांना "आशय हा आमचा विषय नाही" असं शिकवायचं? पॉवरपॉइंट १९८७ साली बाजारात आलं, ते बोलणाऱ्याला ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शिका करता याव्यात म्हणून. बोलणारा आणि त्याचं म्हणणं आधी, पाटी नंतर. आपण उलटं केलं. पाटी आधी, आणि म्हणणं असलं तर असलं. ज्या अ‍ॅमेझॉन कंपनीचं नाव घेऊन मुलांना नोकरीची स्वप्नं दाखवतात, तिच्या मालकाने २००४ मध्येच वरिष्ठांच्या बैठकीतून पॉवरपॉइंट काढून टाकलं आणि सलग वाक्यांत लिहिलेलं टिपण आणायला सांगितलं. कारण सलग लिहिताना विचारातली भोकं झाकता येत नाहीत.

बडोद्याला हे कोणी नव्याने शिकवायला नको

आता घरची गोष्ट. 'मल्टिमीडिया' हा शब्द नवा असेल, प्रकार बडोद्यात शंभर वर्षांपूर्वीचा आहे. सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पण शाळेत शिकलेला माणूस वाचायला काही नसलं तर पुन्हा निरक्षर होतो, म्हणून १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणून ग्रंथालय खातं उभं केलं. लाकडी पेट्यांतून पुस्तकं गावोगाव फिरायची. आणि ज्यांना वाचताच येत नाही त्यांचं काय? त्यांच्यासाठी त्याच खात्यात दृश्य शिक्षणाची वेगळी शाखा काढली. मॅजिक लँटर्नच्या काचेच्या स्लाइड, दुहेरी भिंगातून बघायची चित्रं, आणि चक्क सिनेमाचं यंत्र घेऊन माणसं खेड्यांत जायची आणि लोकांना फुकट दाखवायची.

हा कारभार ग्रंथालय खात्याकडे होता, हे ध्यानात घ्या. तमाशाच्या कंत्राटदाराकडे नव्हता. काय दाखवायचं हे ठरवणारी माणसं पुस्तकातली होती. दिवा नंतर पेटत होता.

दुसरा दाखला दादासाहेब फाळक्यांचा. मुंबईच्या जे. जे. नंतर ते बडोद्याच्या कलाभवनात आले. कलाभवन १८९० साली प्रा. गज्जरांनी सुरू केलेलं. फाळके तिथे चित्रकला शिकले, मॉडेलिंग शिकले, छायाचित्रण आणि छपाईची अंगं शिकले. रसायन कुठलं, काच कुठली, प्रकाश किती, सगळं हाताने. पुढे सिनेमा काढायला भांडवल हवं होतं तेव्हा त्यांनी सावकारापुढे काय ठेवलं? कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले आणि रोप कसं वाढतं त्याची महिनाभर चित्रं घेत घेत छोटी फिल्म केली. महिन्याची वाढ पडद्यावर मिनिटात. त्यावर त्यांना पैसे मिळाले आणि ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लागला.

मी बँकवाला म्हणून सांगतो, कर्ज मागायला आलेल्या माणसाने केलेलं यापेक्षा चोख मल्टिमीडिया प्रेझेंटेशन मला माहीत नाही. त्यात तुतारी नव्हती, फिरणारी अक्षरं नव्हती. दावा एकच होता, की मला हे करता येतं, आणि पुरावा तोच पडद्यावर होता. दावा आणि व्हाउचर एकाच जागी.

माझ्याकडे पुढे किती उद्योजक लॅपटॉप घेऊन यायचे. प्लास्टिकच्या कारखान्याचं प्रेझेंटेशन, मशीनचा झकास फोटो. मी विचारायचो, हे मशीन तुमच्या शेडमध्ये आहे? नाही साहेब, कंपनीच्या कॅटलॉगमधलं आहे. विजेच्या मंजुरीचं पत्र? ते यायचंय. जमीन बिनशेती झाली? अर्ज केलाय. म्हणजे दाखवलेल्यांपैकी एकही गोष्ट अस्तित्वात नव्हती. अशा माणसाला मी चहा पाजून परत पाठवायचो. आता कॉलेज आपल्या मुलांना नेमकं असंच प्रेझेंटेशन करायला शिकवतंय, आणि वर पन्नासात शेहेचाळीस देतंय.

आजीचं नाव टाइप करता येत नाही

भाषेचा मुद्दा मुद्दाम वेगळा काढतोय. नातीला म्हटलं, तुझ्या पणजीचं नाव स्लाइडवर मराठीत लिही. तिने इंग्रजी अक्षरांत टाइप केलं आणि मशीनने जे देवनागरी दिलं ते चिकटवलं. ऱ्हस्व-दीर्घ चुकले, 'ळ' चा 'ल' झाला. तिचा दोष नाही. ६० तासांत एक तासही देवनागरी टायपिंगला नाही. गुजरातीलाही नाही, तेव्हा हा प्रश्न तिच्या गुजराती मैत्रिणींचाही आहे.

सोयी नाहीत म्हणावं तर तसंही नाही. पूर्वी फाँटचा त्रास होता हे खरं. एका मशीनवर केलेलं मराठी दुसऱ्या मशीनवर उघडलं की किडे-मुंग्या दिसायच्या. आपल्या मंडळांच्या जुन्या स्मरणिकांच्या फाइली त्यामुळेच आज उघडत नाहीत. पण युनिकोडने ते संकट संपवलं. इन्स्क्रिप्टचा कीबोर्ड प्रत्येक संगणकात फुकट असतो, तो एकदा बोटांना बसला की त्याच बोटांनी गुजरातीही टाइप होतं, कारण अक्षरांच्या जागा त्याच. अहो, मोडी लिपीलासुद्धा २०१४ पासून युनिकोडमध्ये जागा आहे. दहा तास दिले तर मुलगी आयुष्यभराची शिकेल. पण गुण अ‍ॅनिमेशनला आहेत, अक्षराला नाहीत.

याच बडोद्यातून १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' निघाला. कारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, बंगाली, संस्कृत, फारसी अशा भाषांतले प्रतिशब्द एकत्र मांडलेला कोश. एक संस्थान तेवढं काम हाताने करतं, आणि आज कॉलेजच्या लॅबमधल्या मुलांना पणजीचं नाव लिहिता येत नाही.

यात पणाला काय लागलंय

काही जण म्हणतील, काका, दोन क्रेडिटच्या पेपरचं एवढं काय घेऊन बसलात? तर ऐका.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी घराघरांत शिरलं. माझ्या ओळखीच्या तीन घरांत पलंगाखालच्या ट्रंका भिजल्या. एकीत आजोबांच्या दरबारी नोकरीचे कागद होते, मोडीतले. दुसरीत लग्नांचे अल्बम. तिसरीत एका काकूंच्या सासूबाईंनी लिहिलेली रोजच्या खर्चाची वही, ज्यात १९४० च्या आसपासचे तुपाचे, ज्वारीचे, मोलकरणीच्या पगाराचे भाव होते. कागद वाळवता वाळवता त्यांचा लगदा झाला. शेवटी पोत्यात भरून टाकून दिले. कोणीही त्यांचा एक फोटो काढून ठेवला नव्हता.

आणि त्याच वर्षी याच शहरात शेकडो मुलांच्या हातात कॅमेरा होता, आवाज टिपायचं यंत्र होतं, कॉलेजची लॅब होती, ६० तास होते, आणि विषय शोधायची सक्ती होती. ती मुलं काय करत होती? इंटरनेटवरून म्हैसूरचा महाल उतरवून घेत होती.

आपल्या गल्ल्यांत नव्वदीच्या ज्या चार-पाच आजी उरल्यात, त्यांची मराठी ऐका. 'दांडिया बाजारात शाक आणायला गेले होते' असं म्हणणारी, निम्मी गुजराती आणि तरीही अस्सल घरची. ही बोली कुठल्या पुस्तकात नाही. कोर्समध्ये 'ध्वनी जोडणे' याला गुण आहेत ना? मग तुतारीच्या जागी त्या आजीचा आवाज जोडा. दोन मिनिटांचा. कोण बोलतंय, कधी टिपलं, कुठे टिपलं, परवानगी घेतली का, एवढं खाली लिहा. झालं तुमचं मल्टिमीडिया, आणि झालं व्हाउचर. आणखी दहा वर्षांनी ती दोन मिनिटं पैसे देऊनही मिळणार नाहीत.

आक्षेपांची उत्तरं

"मुलांना नोकरी हवी, इतिहास नको." कबूल. पण टेम्पलेट निवडायची नोकरी आता कोण देणार? विषय सांगितला की मशीन मिनिटात वीस स्लाइड रंगवून देतं. जे काम मशीन फुकट करतं ते शिकण्यात ६० तास घालवणं हा व्यवहार तोट्याचा आहे. मशीनला जे येत नाही ते शिकवा. माणसाला भेटणं, प्रश्न विचारणं, दिलेली माहिती खरी आहे का ते तपासणं, आणि ते नीट भाषेत मांडणं. त्याची किंमत बँकेत होती, वर्तमानपत्रात आहे, कोर्टात आहे, कारखान्यात आहे.

"आमच्या प्राध्यापकांना बडोद्याचा इतिहास कसा माहीत असणार?" माहीत असायची गरजच नाही. ऑडिटरला कापडाचा धंदा कुठे येतो? तो व्हाउचर मागतो. प्राध्यापकाने प्रत्येक स्लाइडवर एवढंच विचारावं, हे तुला कुठून कळलं? फोटो कोणाचा, कोणत्या साली काढलेला? आकडा कुठल्या कागदावरचा? उत्तर नसेल तर स्लाइड बाद. एवढ्यावर निम्मा कचरा गळून पडेल.

"फोटो वापरायला परवानगी वगैरे कोण बघतं?" बघायला शिकवा. आपल्या कॉपीराइट कायद्यात फोटोला तो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षण आहे. वर्गात वापरणं वेगळं आणि बाहेर छापणं वेगळं, हा फरक पदवी घेणाऱ्याला कळायला नको?

"तुम्ही म्हातारे नेहमी तक्रारच करता." बरं. मग तक्रारीबरोबर हा प्रस्ताव घ्या.

५० गुण असे वाटा: आशय आणि त्याचं व्हाउचर २०, स्वतः टिपलेला आवाज आणि स्वतः काढलेली चित्रं १०, भाषा आणि लेखन १०, रंगरूप १०. आणि ६० तास असे: सॉफ्टवेअर २०, विषय शोधणं आणि मुलाखती १५, मातृभाषेत टायपिंग आणि लेखन १०, तपासणी आणि परवानग्या ५, सादरीकरण आणि लोकांचे उलट प्रश्न १०. यात एक पैशाचा जास्त खर्च नाही, एक मशीन जास्त लागत नाही.

आणि शेवटचं, आपल्याला

सगळा दोष कॉलेजवर टाकून मोकळं होता येणार नाही. आपल्यातल्या कितीतरी घरांत कपाटाला कुलूप आहे. नातवाने जुना अल्बम मागितला की "खराब करशील" म्हणून परत ठेवला जातो. कॉलेजची मुलगी मुलाखतीला आली तर "आमचं काय विशेष" म्हणून दारातून पाठवली जाते. आणि मग सभागृहात बसून चुकीच्या महालाला टाळ्या. कागद द्यायचे नाहीत, आठवणी सांगायच्या नाहीत, आणि मुलांना मुळं राहिली नाहीत म्हणून याच ग्रुपवर उसासे टाकायचे, हा व्यवहार मला मान्य नाही. ठेव ठेवलीच नाही तर व्याज कसलं मागता?

आपली मंडळं दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करतात, नारळ आणि पाकीट देतात. माझं म्हणणं असं आहे की यंदापासून एक पाकीट वेगळं ठेवा. बडोद्याच्या कुठल्याही मराठी किंवा गुजराती घराच्या खऱ्या कागदावर, खऱ्या आवाजावर केलेल्या प्रेझेंटेशनला ते द्या. अट एकच, प्रत्येक स्लाइडला व्हाउचर. परीक्षक म्हणून आपल्यातले निवृत्त शिक्षक, वकील, अकाउंटंट बसू शकतात. रिकामा वेळ आपल्याकडे भरपूर आहे. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, गोवा इथल्या मंडळींनीही आपापल्या गावात करून बघावं. तिथेही ट्रंका आहेत, नद्या आहेत आणि नव्वदीच्या आज्या आहेत.

ज्यांची मुलं-नातवंडं हा कोर्स घेतायत त्यांनी या आठवड्यात एवढंच करा. गुणांचा तक्ता मागून घ्या आणि आशयाला किती गुण आहेत ते बघा. दहा असतील तर कॉलेजला दोन ओळींचं सभ्य पत्र लिहा. मी माझं पत्र दिलंय, पोच घेतलीय, तारखेसकट फाइलला लावलीय.

पटलं नसेल तर खुशाल भांडा. फक्त भांडताना आकडा दिलात तर तो कुठून आणला तेही लिहा.

— एक निवृत्त बँकवाला, बडोदे